परदेशी गुणपत्रिका आणि धाराशिवचे उमेदवार

वयाची तीस वर्षे पूर्ण होणे ही आपल्याकडे फारशी दखल घेण्याजोगी घटना मानली जात नाही. घरात लग्नाची घाई सुरू होते, एवढेच. कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या तक्त्यात मात्र हा दिवस नोंदला जातो. वीस ते एकोणतीस वयाच्या अविवाहित उमेदवाराला तेथे केवळ वयासाठी ११० गुण मिळतात. तिसाव्या वाढदिवशी त्यातले पाच जातात, पस्तिशीत ७७ उरतात, चाळिशीत ५० आणि पंचेचाळिशीला शून्य. कळंब, परंडा किंवा लोहाऱ्याहून पदवी घेऊन पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत लोकसेवा आयोगाची परीक्षा देण्यासाठी गेलेला तरुण बाविसाव्या वर्षी जातो आणि पुष्कळदा तिसाव्या वर्षी परततो. या आठ वर्षांत त्याने राज्यघटना, भूगोल आणि पंचवार्षिक योजना पाठ केलेल्या असतात, एखाद्दोन मुख्य परीक्षाही दिलेल्या असतात. परदेशी तक्त्यात मात्र त्या आठ वर्षांची किंमत उणे असते. अनुभवाच्या रकान्यात काही नाही आणि वयाच्या रकान्यात घसरण सुरू झालेली.

कुशल कामगारांना कायम वास्तव्याचा परवाना देण्यासाठी प्रगत देशांनी जी निवडपद्धती उभी केली आहे, तिची चर्चा आपल्या वृत्तपत्रांत बहुधा मुंबई-पुण्याच्या संगणक अभियंत्यांपुरती मर्यादित राहते. धाराशिवसारख्या जिल्ह्याचा तिच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ ठरवले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिम यांच्याबरोबर तत्कालीन उस्मानाबादचा समावेश होता. येथील स्थलांतर म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारे ऊसतोड मजूर. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दहा हजार युवकांना पहिल्या टप्प्यात तेथे पाठविण्याची योजना जाहीर केली. परिचारिका, वीजतंत्री, नळ कारागीर, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशा व्यवसायांची नावे त्यात होती आणि जर्मन भाषेचे शिक्षण शासन मोफत देणार होते. तेव्हापासून हा प्रश्न तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या फलकापर्यंत पोहोचला आहे. म्हणूनच निवडीचे हे यंत्र आतून कसे चालते, हे पाहणे आवश्यक ठरते.

गुणांकनाची कल्पना कॅनडाची. १९६७ मध्ये त्या देशाने शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय अशा निकषांवर शंभरपैकी गुण देऊन परदेशी अर्जदार निवडण्यास प्रारंभ केला. त्याआधी अर्जदार कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा हे पाहिले जात असे आणि युरोपीय गोऱ्यांना उघड झुकते माप होते. ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांपुरते मर्यादित धोरण १९७३ मध्ये मोडीत काढले आणि त्याच दशकाच्या अखेरीस गुणांची पद्धत स्वीकारली. म्हणजे ही गुणपत्रिका मुळात भेदभाव घालविण्याचे साधन म्हणून आली, हे विसरता कामा नये. आज आपण तिच्यावर जी टीका करतो ती करण्याची संधीही तिनेच दिली. एरवी भारतीय अर्जदाराचा कागद उघडलाच गेला नसता.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. रहिवासाच्या दाखल्यावर माणसाची पात्रता ठरविण्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ असणे आवश्यक होते. १९१९ च्या नियमांनुसार संस्थानात जन्मलेला किंवा पंधरा वर्षे राहिलेला माणूस मुलकी ठरे. बाहेरून आलेल्या गैरमुलकी अधिकाऱ्यांविषयीचा स्थानिकांचा रोष हा त्या संस्थानाच्या राजकारणातील मोठा विषय होता. आज टोरांटो किंवा मेलबर्नमध्ये स्थलांतरितांविरुद्ध जे बोलले जाते, त्याचे सूर आपल्या आजोबांच्या पिढीला ओळखीचे वाटले असते. फरक इतकाच की, तेव्हा आपण मुलकी होतो.

असो. कॅनडाने जानेवारी २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही पद्धत सुरू केली. पूर्वी ठरावीक गुणांची रेषा ओलांडली की अर्ज रांगेत लागे. २००२ च्या कायद्यानंतर ही रेषा पुढे शंभरपैकी ६७ वर स्थिरावली होती. नव्या पद्धतीत रेषा पक्की नाही. पात्र उमेदवारांची नावे एका संचयात जमा होतात, प्रत्येकाला कमाल १२०० पैकी गुण मिळतात आणि सरकार अधूनमधून वरच्या काही हजारांना निमंत्रण देते. म्हणजे उत्तीर्ण होण्याची परीक्षा जाऊन तिच्या जागी स्पर्धा परीक्षा आली. आपल्या तरुणांना याहून ओळखीची गोष्ट ती कोणती?

हिशेब प्रत्यक्षच मांडून पाहू. उमेदवार २९ वर्षांचा, अविवाहित, धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेला, पुण्यात तीन वर्षे नोकरी केलेला. वयाचे ११०, पदवीचे १२०. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत त्याला ऐकण्यात साडेसात आणि वाचन, लेखन, संभाषण या तिन्हींत साडेसहा असे गुणांक मिळाले, तर भाषेचे ९२ गुण होतात. शिक्षण आणि परदेशी अनुभव यांना भाषेची जोड मिळाल्याबद्दल आणखी १३ आणि २५. एकूण ३६०. आता याच उमेदवाराला चारही विभागांत केवळ अर्धा-अर्धा गुणांक अधिक मिळाला असे समजा, म्हणजे ऐकण्यात आठ आणि उरलेल्या तिन्हींत सात. भाषेचे गुण १२४ होतात, जोडीचे गुण दुप्पट किंवा जवळपास दुप्पट होऊन २५ आणि ५० होतात, आणि बेरीज ४२९ वर जाते. अर्ध्या पायरीचा फरक तब्बल ६९ गुणांचा! पदवीऐवजी पदव्युत्तर शिक्षण घेतले तर तक्त्यात थेट वाढतात ते फक्त १५ गुण, जोडीचे धरले तरी चाळीस. म्हणजे दोन वर्षे शिकून जे मिळत नाही ते इंग्रजी निबंधाच्या एका परिच्छेदात मिळू किंवा जाऊ शकते.

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून, बारावीपर्यंत इंग्रजी हा केवळ उत्तीर्ण होण्याचा विषय म्हणून पाहिलेल्या मुलाचे खरे नुकसान येथे होते. त्याचे यंत्रशास्त्र पुण्याच्या मुलाइतकेच पक्के असू शकते. पण तक्ता यंत्रशास्त्र मोजत नाही. पदवी आहे की नाही एवढेच पाहतो आणि उरलेले सारे भाषेवर सोपवतो. या मापनामागे तर्क नाही असे म्हणता येणार नाही. नव्या देशात नोकरी मिळण्याचा आणि टिकण्याचा भाषेशी निकटचा संबंध असतो, असा त्या देशांचा अनुभव आहे. मात्र परिणाम असा की, ‘कुशल’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘इंग्रजीत कुशल’ असा होतो.

विवाहित उमेदवाराचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. पत्नी सोबत येणार असेल तर पुरुषाचे स्वतःचे गुण कमी होतात. वरच्या उदाहरणात वय, पदवी आणि भाषा मिळून ३५४ ऐवजी ३२८ मिळतात. गेलेले २६ गुण पत्नीने भरून काढायचे असतात. ती पदवीधर असेल आणि तिचेही इंग्रजी त्याच दर्जाचे असेल, तर तिचे ८ आणि २० असे २८ गुण जमा होऊन बेरीज ४३१, म्हणजे अविवाहितापेक्षाही दोन अधिक होते. बारावीनंतर तिचे शिक्षण थांबले असेल आणि इंग्रजीची परीक्षा दिलीच नसेल, तर तिचे अवघे २ गुण येतात आणि बेरीज ४०५ वर अडकते. ऊसतोडीत मुकादम नवरा-बायकोला मिळून एक ‘कोयता’ धरतो आणि उचलही त्या हिशेबानेच देतो. बाई आजारी पडली की कोयता मोडतो. कॅनडाचे सरकारही कुटुंबाला एक एकक मानून मोजते, पण हातांऐवजी प्रमाणपत्रे. मुलीचे लग्न लवकर उरकून टाकणाऱ्या आपल्या समाजाला या तक्त्याने जे सांगितले आहे, ते कोणत्याही प्रबोधनपर व्याख्यानापेक्षा अधिक रोखठोक आहे.

इतके करून ४२९ किंवा ४३१ गुण पुरतात का? २०२५ मध्ये कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी ज्या निवडफेऱ्या झाल्या, त्यांत गुणरेषा सातत्याने पाचशेच्या वर राहिली. उलट फ्रेंच भाषा येणाऱ्यांच्या फेरीत ती मार्च २०२५ मध्ये ३७९ पर्यंत खाली आली होती. २०२३ पासून त्या सरकारने आरोग्यसेवा, बांधकामादी व्यवसाय, फ्रेंच भाषा अशा गटांसाठी स्वतंत्र फेऱ्या सुरू केल्या आहेत. गट कोणते हे सरकार बदलत राहते. वाहतूक हा गट २०२५ मध्ये गाळला गेला आणि शिक्षण हा नवा आला. त्यातच एकूण संख्येला कात्री लागली. २०२४ साठी ४ लाख ८५ हजार नव्या कायम रहिवाशांचे लक्ष्य होते. २०२५ साठी ते ३ लाख ९५ हजारांवर आणि २०२६ साठी ३ लाख ८० हजारांवर आणले गेले. घरांची टंचाई आणि महागाई यांमुळे तेथील जनमत फिरले, हे त्याचे कारण.

या सगळ्याचा मथितार्थ असा की, भारतात बसून केवळ गुणांच्या बळावर निवड होणे आज अवघड झाले आहे. आधी तेथे शिकायला किंवा कामाला जावे, तेथला अनुभव मिळवावा आणि मग गुण मोजावेत, ही वाट रूढ झाली. म्हणजे गुणवत्तेच्या परीक्षेआधी ऐपतीची परीक्षा आली. तेथील शिक्षणाचा खर्च लाखांत मोजावा लागतो, आणि तो करण्यासाठी मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाजवळ तारण ठेवण्याजोगी एकच गोष्ट असते. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यालाही निर्वाहनिधी दाखवावा लागतो. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी ही रक्कम १५ हजार २६३ कॅनेडियन डॉलर, म्हणजे नऊ लाख रुपयांहून अधिक होती. ही रक्कम हाताशी हवी. उसनवारीची चालत नाही आणि स्थावर मालमत्तेची किंमत तीत धरता येत नाही. वाशी तालुक्यातील दहा एकर कोरडवाहू जमिनीचा मालक गावात प्रतिष्ठित असेल, पण या रकान्यात त्याच्या मुलाच्या नावापुढे शून्य पडते. जमीन विकली तरच ती मोजली जाते!

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथे गुण नाहीत, नोकरी देणारी कंपनी अर्ज करते. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे आणि कोणत्याही एका देशाला त्यातील सात टक्क्यांची मर्यादा, या दोन आकड्यांनी भारतीयांची रांग इतकी लांबवली आहे की, पदव्युत्तर पात्रतेच्या गटात २०२५ च्या अखेरीस २०१३ मधील अर्जांचा विचार चालू होता. आइसलँड आणि भारत यांना समान मर्यादा हे समतेचे कोणते रूप, हा प्रश्न अमेरिकी संसदेत अनेकदा विचारला गेला आणि अनुत्तरित राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादल्यानंतर तर या वाटेकडे पाहणारेही थबकले.

अशा स्थितीत जर्मनीकडे डोळे लागणे साहजिक होते. त्या देशाला वृद्धत्वाने ग्रासले आहे आणि कारखाने, रुग्णालये यांना माणसे हवी आहेत. मार्च २०२० मध्ये तेथे कुशल स्थलांतराचा नवा कायदा अमलात आला, २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल करण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅन्सलर ओलाफ शोल्त्झ यांनी दिल्लीत भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. बाडेन-वुर्टेमबर्ग हे तर मोटारींचे माहेरघर. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश ही नावे स्टुटगार्टची. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्राशी झालेला करार आकाशातून पडलेला नव्हता.

परंतु करार सरकारांमध्ये होतो आणि निवड माणसाची होते. जर्मन पद्धतीचा गाभा ‘मान्यता’ या एका शब्दात आहे. तुमचे शिक्षण आमच्या शिक्षणाच्या बरोबरीचे आहे का, हे तेथील अधिकृत संस्था कागद तपासून ठरवते. जर्मनीत वीजतंत्र्याचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते, तेही आठवड्यातले बहुतेक दिवस प्रत्यक्ष कारखान्यात काम करत. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री आणि जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर नळ कारागीर आणि संधाता हे एका वर्षाचे. जून २०२४ पासून जर्मनीने जे ‘संधी कार्ड’ सुरू केले, त्यासाठी मायदेशी मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण लागते. म्हणजे तुळजापूर किंवा उमरग्याच्या संस्थेत एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या दोन मित्रांपैकी वीजतंत्री दारापर्यंत पोहोचतो आणि नळ कारागीर फाटकाबाहेरच राहतो. त्याच्या हातातील कसब कितीही सरस असो. राज्याच्या योजनेतील व्यवसायांच्या यादीत मात्र दोघांचीही नावे शेजारी-शेजारी होती. प्रवेशअर्ज भरताना सोळा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगते का?

संधी कार्डाला सहा गुण लागतात. पस्तिशीच्या आत असल्याचे दोन, गेल्या पाच वर्षांत आपल्या व्यवसायातील दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन आणि जर्मन भाषेच्या बी-१ पातळीचे दोन, असे आपल्या वीजतंत्र्याचे सहा होऊ शकतात. वरवर पाहता कॅनडाच्या तुलनेत हे सोपे आहे. पण हे कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. ती शोधण्यासाठी वर्षभराची मुभा आहे, आणि त्या वर्षाच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. २०२५ च्या दराने दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे बारा लाख रुपयांहून अधिक. पुन्हा तोच रकाना!

राहिली भाषा. गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-१ पातळी गाठण्यास पाऊण तासाच्या साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. मध्यावरचा पाचशेचा आकडा धरला आणि आठवड्याचे पाच दिवस रोज दोन तास वर्ग चालला असे मानले, तर नऊ महिने होतात. यात सणवार, परीक्षा, सोयाबीनची काढणी आणि शिक्षकाची गैरहजेरी धरलेली नाही. परिचारिकेला पुढे बी-२ पर्यंत जावे लागते. काही महिन्यांच्या शासकीय वर्गातून हे साधेल असे मानणाऱ्यांनी स्वतः जर्मन नामांची लिंगे पाठ करून पाहावीत. शिवाय शिकवणार कोण? मॅक्सम्युलर भवने मुंबई-पुण्यात आहेत. जिल्ह्यात जर्मन येणारा शिक्षक आधी तयार व्हायला हवा आणि त्याला येथे राहावेसे वाटायला हवे. दहा हजार हा आकडा ३६ जिल्ह्यांत समान वाटला तरी एका जिल्ह्याच्या वाट्याला पावणेतीनशे-दोनशेऐंशी जागा येतात. भाषेच्या सोयी जेथे आधीपासून आहेत, तेथेच त्या अधिक भरणार हे उघड आहे.

केरळचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते योग्यही आहे. तेथील ‘नोर्का रूट्स’ ही शासकीय संस्था २००२ पासून काम करते. डिसेंबर २०२१ मध्ये तिने जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी परिचारिकांसाठी करार केला, तेव्हा निवड, भाषाशिक्षण आणि मान्यतेची प्रक्रिया हे सारे एका साखळीत बांधले गेले. पण केरळमधून परिचारिका परदेशी जाण्याला त्याआधीची अर्धशतकाची पार्श्वभूमी होती. मुलीला शुश्रूषा शिकवावी, तिने दूरदेशी जावे, तिच्या पैशांवर घर उभे राहावे, हे तेथील समाजाने केव्हाच पचवले होते. धोरण समाजाच्या मागून आले. आपल्याकडे धोरण पुढे आणि समाज मागे, अशी उलटी वरात आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धाराशिवमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेच मुळी अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास. अशा जिल्ह्याने आपल्या परिचारिका स्टुटगार्टला का पाठवाव्यात? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली आणि तेथून आरोग्य कर्मचाऱ्यांची सरसकट भरती करू नये असे सुचवले. भारत त्या यादीत नाही. देशाची सरासरी काढताना केरळ आणि धाराशिव एकाच टोपलीत पडतात, हे त्याचे एक कारण. परंड्याच्या रुग्णाला ही सरासरी उपयोगाची नाही.

तरीही प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप पूर्णपणे मान्य होत नाही. ज्यांच्याजवळ पैसा आणि इंग्रजी आहे ते कोणाची परवानगी विचारत नाहीत. त्यांची निवड आधीच होऊन गेलेली असते. धाराशिवहून पुण्याला आणि पुण्याहून परदेशी. पासपोर्टवर पुण्याचा पत्ता येतो आणि जिल्ह्याच्या हिशेबातून ते निसटतात. राहतात ते कोरडवाहू शेतकऱ्याची मुले आणि प्रशिक्षण संस्थेत शिकलेले कारागीर. त्यांनी येथेच राहून सेवा करावी, हा उपदेश त्यांनाच का? ऊसतोडीला जाणाऱ्याला कोणी थांबवत नाही. त्याला गावाबाहेर पडून पाच महिन्यांनी त्याच उचलीसह परत येण्याची मोकळीक आहे. आखातात गेलेल्यालाही तेच. तेथे कितीही वर्षे राबले तरी सामान्य कामगाराला कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. जर्मनीत मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनी, भाषा आणि निवृत्तिवेतन निधीतील वर्गणी यांच्या अटीवर, स्थायी परवाना मागता येतो. कॅनडात तर तो पहिल्या दिवसापासून असतो आणि पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिल्यावर नागरिकत्वही मागता येते. स्थलांतर आपल्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहेच. मुक्कामाचा हक्क देणारे स्थलांतर तेवढे त्याच्या वाट्याला आलेले नाही.

या पद्धती काय मोजत नाहीत, हेही पाहिले पाहिजे. भूम आणि वाशीच्या परिसरातील खव्याच्या भट्टीवर बसणारा माणूस दुधाच्या वासावरून आच कमी-जास्त करतो. लोहारा, उमरगा या तालुक्यांनी १९९३ च्या भूकंपानंतर जी प्रचंड पुनर्बांधणी पाहिली, तिच्यात येथील गवंडी हादरे सोसणारी घरे बांधायला शिकले. ही कसबे जर्मनीत किंवा कॅनडात कवडीमोल आहेत असे नव्हे. त्यांना कागद नाही, म्हणून ती त्या तक्त्यांना दिसत नाहीत. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आपल्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात आहे. परंतु काही दिवसांच्या शिबिरात वाटलेला कागद तेथील मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे टिकत नाही. त्यांना अभ्यासक्रमाचे तास, विषय आणि प्रात्यक्षिकांचा तपशील हवा असतो.

आणि या अभावाच्या फटीत दलाल शिरतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परवाना लागतो आणि त्याने उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता कामा नये, असा नियम आहे. सोलापूर-लातूरच्या जाहिरातींतील ‘पीआर हमखास’ या शब्दांमागे परवान्याचा क्रमांक शोधून पाहावा. गुणांची पद्धत उघड आहे, तक्ते कोणालाही पाहता येतात, वर मांडलेली बेरीज घरी बसून करता येते. हमखास देण्याजोगे त्यात कोणाच्याही हाती काही नाही.

शेवटी एक अगदी स्थानिक अडचण. जिल्ह्याचे नाव बदलण्यास केंद्राची मान्यता आणि शासकीय अधिसूचना २०२३ मध्ये आल्या, मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तो निर्णय वैध ठरवला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाची पाटीही बदलली. नावाच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. पण आज तिशीत असलेल्या उमेदवाराच्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद आहे, आणि नव्या रहिवास दाखल्यावर धाराशिव. त्याच्या पदवीवर विद्यापीठाच्या नावापुढे औरंगाबाद, आणि दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला तर छत्रपती संभाजीनगर. ओटावा किंवा स्टुटगार्टमधील कारकुनाला ही चार गावे वाटतात. दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत असे इंग्रजी आणि जर्मन भाषेत सांगणारा, राजपत्राचा क्रमांक दिलेला एक पानी दाखला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतू केंद्रात मागेल त्याला मिळू लागला, तर त्याला कराराची, मंत्र्यांच्या दौऱ्याची किंवा कोट्यवधींच्या तरतुदीची गरज लागणार नाही.